पहिल्या गाण्याला रिकाम्या खुर्च्या नकोत!

मैत्रिणींनो, एखाद्या संगीत महोत्सवाची कार्यक्रमपत्रिका हातात आली की आपण काय करतो? सरळ शेवटच्या नावाकडे जातो. मोठं नाव, मोठा फोटो. मग घड्याळाकडे बघून हिशेब मांडतो. "बुवा काही साडेसातच्या आत बसायचे नाहीत. तोवर कुकर लावून होईल, मुलांचा अभ्यास होईल, सावकाश निघू." आणि पत्रिकेत सगळ्यात वर, पाच वाजताच्या वेळेसमोर, एक अनोळखी नाव बारीक अक्षरांत छापलेलं असतं. ते आपण वाचतसुद्धा नाही.

त्या नावाची मुलगी मात्र बरोबर पाच वाजता रंगमंचावर येते. तिने बारा-चौदा वर्षं पहाटे उठून षड्ज लावलेला असतो. तिची आई पहिल्या रांगेत, गुरू विंगेत. बाकी सभागृहात रिकाम्या खुर्च्या आणि माइक नीट करणारा माणूस! या पहिल्या खुर्च्यांविषयीच आज बोलायचं आहे. त्या भरलेल्या असतात की रिकाम्या, यावर पुष्कळ काही ठरतं.

थंडीतल्या ग्लासगोची गोष्ट

आधी जरा दूर जाऊन येऊ. स्कॉटलंडमध्ये ग्लासगो नावाचं मोठं शहर आहे. तिथे १९९४ पासून दर जानेवारीत 'सेल्टिक कनेक्शन्स' नावाचा संगीत महोत्सव भरतो. ऐन कडाक्याच्या थंडीत, दिवस चार वाजताच मावळत असताना! जगभरचे नामवंत कलावंत तिथे येतात. पण त्या उत्सवातली एक गोष्ट आपण शिकून घ्यावी अशी आहे.

डॅनी काइल नावाचे एक लोकसंगीत गायक तिथे संध्याकाळी नवोदितांसाठी खुला मंच चालवीत. ज्यांचं नाव कुणी ऐकलेलं नाही, अशांनी यावं आणि दोन-चार गाणी म्हणावीत. ऐकणाऱ्यांना तिकीट नाही. १९९८ मध्ये डॅनी काइल वारले, पण मंच बंद पडला नाही, उलट त्यांच्याच नावाने चालू राहिला. तिथे जे चांगले ठरतात, त्यांना पुढल्या वर्षीच्या महोत्सवात मोठ्या कलावंताच्या आधी गाण्याची संधी मिळते. बक्षिसाचा करंडक घरातल्या कपाटात धूळ खातो, पण पुढच्या वर्षीची तारीख हातात असली की माणूस वर्षभर रियाज करतो. खरी मेख आहे ती इथे.

त्याच देशातल्या बारा या छोट्या बेटावर १९८१ मध्ये गावकऱ्यांनी आणखी एक गोष्ट केली. मुलं आपली गेलिक भाषा आणि गाणी विसरत चालली, म्हणून त्यांनी गावातच मुलांना वाद्यं आणि गाणी शिकवणारा उत्सव सुरू केला. त्याला 'फेश' म्हणतात. पुढे ठिकठिकाणी असे उत्सव निघाले. गाणारी पिढी आभाळातून पडत नाही, ती गावाला घडवावी लागते, हे त्या लोकांनी ओळखलं.

आणि ती गाणी तरी कुठली? बरीचशी बायकांची. तिकडच्या बेटांवर बायका ओलं लोकरीचं कापड घट्ट व्हावं म्हणून पाटाभोवती बसून ते आपटत, मळत, आणि हाताच्या ठेक्यावर गात. एकीने म्हणायचं, बाकीच्यांनी झेलायचं. आपल्या जात्यावरच्या ओव्यांची सख्खी बहीणच म्हणा ना! नॉर्थ युइस्ट बेटावरची ज्यूली फाउलिस ही गायिका अशीच गेलिक गाणी गात मोठी झाली आणि २०१२ च्या 'ब्रेव्ह' या चित्रपटातून तिचा आवाज जगभर पोचला. घरातलं गाणं मंचावर गेलं, तेव्हा कुठे जगाने कान दिला.

आपल्याकडेही हे होतंच

"त्यांच्याकडे सगळं असतं हो, आपल्याकडे कुठलं?" असं म्हणू नका. नव्या गळ्याला मंच देण्याची आपली रीत जुनी आहे.

१९२४ साली बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष होते. तिथे स्वागतगीत म्हणणाऱ्यांत अकरा वर्षांची एक मुलगी होती. तीच पुढे गंगूबाई हनगळ म्हणून देशाला माहीत झाली. बेळगावजवळच्या सुळेभावीचा कुमार गंधर्व दहा-बारा वर्षांचा असताना मुंबईच्या संगीत परिषदेत गायला आणि जाणकार थक्क झाले. भीमसेन जोशींचं नाव खऱ्या अर्थाने गाजलं ते १९४६ मध्ये, पुण्यात गुरू सवाई गंधर्वांच्या साठीच्या समारंभात गायल्यावर. तेव्हा ते पंचविशीतही नव्हते.

१९५२ मध्ये सवाई गंधर्व गेले आणि १९५३ पासून त्यांच्या स्मृतीसाठी पुण्यात महोत्सव सुरू झाला. आर्य संगीत प्रसारक मंडळाचा हा महोत्सव आता मुकुंदनगरला होतो. त्याच्या पत्रिकेत दिग्गजांच्या शेजारी तरुण नावं असतातच. मुंबईच्या सूर सिंगार संसदेने तर 'कल के कलाकार' या नावाचंच संमेलन अनेक दशकं भरवलं. उद्याचे कलावंत! नाव किती बोलकं! आज ज्यांच्यासाठी आपण रांगा लावतो, त्यांतले कितीतरी कधीतरी अशा 'उद्याच्या' यादीत होते.

बाईने मंचावर बसायचं म्हणजे

मुलींच्या बाबतीत मात्र हे सोपं नव्हतं. घरंदाज बाईने चारचौघांत बसून गाणं हे लोकांना रुचत नसे. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफिली केल्या, साध्या नीटस पेहरावात, शांत चेहऱ्याने बसून. त्यांच्या त्या बसण्यानेच कितीतरी घरांची दारं उघडली. "हिराबाईंसारखी गाणार असेल तर शिकू दे पोरीला," असं म्हणणारे बाप तेव्हा निघाले.

मोगूबाई कुर्डीकरांची गोष्ट तर प्रत्येक आईने ऐकावी. गोव्यातलं त्यांचं कुर्डी गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते अजूनही डोकं वर काढतं. लहानपणीच आई गेली, पण मुलीने गाणं शिकावं हा तिचा ध्यास मोगूबाईंनी सोडला नाही. पुढे मुलांना एकटीने वाढवता वाढवता त्यांनी मैफिली केल्या आणि मुलीला शिकवलं. ती मुलगी म्हणजे किशोरी आमोणकर. लहानपणी त्या आईच्या मागे तंबोरा घेऊन बसत. आयोजक आपल्या आईला कसं वागवतात, कुठे उतरवतात, किती पैसे हातावर ठेवतात, हे सारं त्या पाहत होत्या. आपण मोठं झाल्यावर कलावंताचा मान राखूनच घेऊ, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं, असं त्यांनी पुढे सांगितलं आहे. लोक त्यांना तऱ्हेवाईक म्हणत. पण त्या तऱ्हेच्या मुळाशी आईचा अपमान होता, हे किती जणांना माहीत होतं?

आणि गंगूबाईंची आई अंबाबाई? त्या स्वतः कर्नाटक संगीत गात. मुलगी हिंदुस्थानी शिकते आहे, तिच्या कानावर दुसरी पद्धत पडू नये म्हणून त्यांनी आपलं गाणंच थांबवलं, असं सांगतात. गंगूबाई हुबळीहून कुंदगोळला आगगाडीने शिकायला जात. शिकवणी, स्टेशन, गाडीची वाट आणि उशिरा घर, असा तो क्रम.

पनवेलच्या मुलीची गाडी

हे वाचताना आपल्या पनवेलच्या बायकांना आपली लोकलगाडी आठवली असेल. १९९८ मध्ये हार्बरची गाडी पनवेलपर्यंत आली आणि आपल्या मुलींचं जग मोठं झालं. वाशी अर्ध्या तासावर आली. तिथे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची वास्तू आहे. कुर्ल्याला गाडी बदलली की दादर, माटुंगा. मुंबईची संगीत मंडळं, सकाळच्या मैफिली, सारं एका पासात बसलं!

पण गाडीचं वेळापत्रक मैफिलीला ठाऊक नसतं. रात्री साडेनऊला भैरवी सुरू झाली तर पनवेलची मुलगी चुळबुळत घड्याळ पाहते. बरोबर कोण? स्टेशनवर घ्यायला कोण? या दोन प्रश्नांपायी कितीतरी मुलींचं गाणं ऐकणं थांबतं, आणि ऐकणं थांबलं की गाणंही हळूहळू आटतं. म्हणून दोन-तीन घरांनी मिळून सोय करावी. एका आठवड्याला एकीचे बाबा, दुसऱ्या आठवड्याला दुसरीची मावशी. चार मुली बरोबर असल्या की भीतीही वाटत नाही आणि परतीच्या प्रवासात ऐकलेल्या बंदिशीची उजळणीही होते.

आपल्या गावात वासुदेव बळवंत फडके यांच्या नावाचं नाट्यगृह आहे. एकांकिकांच्या अटल करंडक स्पर्धेसाठी बाहेरगावची मुलं पनवेलला येतात, ओळखली जातात. नाटकाला जे जमतं, ते गाण्याला का जमू नये? गणेशोत्सव, नवरात्र, दिवाळी पहाट, सोसायटीचा वर्धापनदिन, एवढे मंच गावात असतात. प्रत्येक ठिकाणी पहिली वीस मिनिटं गावातल्या एका नव्या गळ्याला द्यायची, आणि चांगलं गाणारीला पुढच्या वर्षी पाऊण तास द्यायचा. डॅनी काइलच्या मंचाची हीच तर युक्ती!

आणि फक्त शास्त्रीय गाणंच का? पनवेल-उरण भागातल्या आगरी-कोळी लग्नांतली धवलारीण आठवा. जुन्या रीतीत हळदीपासून लग्न लागेपर्यंत प्रत्येक विधीला तिचा धवला. तो कुठे लिहिलेला नाही. सासूकडून, आत्याकडून ऐकून ऐकून तोंडी आलेला. आता लग्नाच्या मांडवात डीजे घुमतो आणि म्हातारी धवलारीण कोपऱ्यात बसून राहते. गावच्या उत्सवात तिला मानाने बसवा, शेजारी दोन शाळकरी मुली बसवा. एकीने म्हणायचं, दोघींनी झेलायचं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून बायकांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या आज ऐकायला मिळतात. धवला मात्र गाणारी आहे तोवरच आहे.

घरच्या आघाडीवर: काही उपयोगी गोष्टी

तुमच्या घरी, शेजारी किंवा नात्यात गाणारी मुलगी असेल तर पुढच्या सूचना कामी येतील.

*रागाची वेळ सांभाळा.* पुष्कळ मुली यमन आणि मालकंस एवढेच घोटून ठेवतात, आणि वेळ मिळते दुपारी चारची! पहिल्या गायिकेला बहुधा दिवसाउजेडीच बसावं लागतं. म्हणून भीमपलास किंवा मुलतानी आणि सूर्यास्ताच्या सुमाराचा पूरिया धनाश्रीसारखा एखादा राग तयार असू द्यावा.

*वीस मिनिटं म्हणजे वीसच.* घरी घड्याळ लावून म्हणून पाहावं. बडा ख्याल, छोटा ख्याल आणि वर एक अभंग, असं सगळं कोंबू नये. एकच बंदीश नेटकी मांडली तर लोक "अजून हवं होतं" म्हणत घरी जातात. नव्या गायिकेला याहून मोठी पावती नाही.

*साथीदारांना आधी कळवा.* आपला स्वर काळी चार की काळी पाच, हे तबलजींना आदल्या दिवशी सांगावं, म्हणजे ते तसा तबला आणतात. पेटीवाल्यांबरोबर एकदा तरी बसावं. मंचावर "नमस्कार, तुमची पट्टी कोणती?" अशी ओळख नको.

*कपडे आणि दागिने.* फार कडक काठापदराची साडी बसताना फुगते आणि माइकमध्ये सळसळते. हातभर बांगड्या तंबोऱ्यावर किणकिणतात. मऊ सुती किंवा साधी रेशमी साडी घ्यावी आणि ती नेसून, मांडी घालून घरी एकदा गाऊन पाहावं.

*गळा.* गायच्या दिवशी वडे-भजी, लोणचं, बर्फाचं पाणी टाळावं. पोट जड नको, रिकामंही नको. मऊ भात, साधं वरण, वर तुपाची धार, हे दोन-अडीच तास आधी. ज्येष्ठमधाची काडी चघळली तर बरं वाटतं. पण आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला, तर काढ्यावर काढे न देता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं. आणि एक महत्त्वाचं. दिवसभर घरात ओरडून बोलणं हे गळ्याला सगळ्यात वाईट. भावंडांना हाका मारायचं काम गाणारीकडे देऊ नका!

*तंबोरा.* मिरजेचे तंबोरे पिढ्यानपिढ्या नावाजलेले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण आपल्या कोकणच्या पावसाळ्यात त्याची काळजी घ्यावी लागते. ओल असलेल्या भिंतीला टेकवून ठेवू नये, चुलीजवळ किंवा उन्हातही नको. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात, नाहीतर गंज चढतो. दमट हवेत खुंट्या अडकल्या तर जोर लावून पिळू नये. काढून कोरड्या कराव्यात आणि थोडा खडू चोळून बसवाव्यात. बरेच दिवस वाजवायचा नसेल तर तारा जरा सैल सोडाव्यात. मोबाइलवरचा तंबोरा सोयीचा खरा, पण मंचावर तो वापरायचा असेल तर आधी फोन बंद करण्याची कळ दाबा. ऐन आलापीत मामांचा फोन नको!

परीक्षा, आकाशवाणी, शिष्यवृत्ती

गांधर्व मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकारपर्यंत चढत जातात. त्या जरूर द्याव्यात, शिस्त लागते. पण विशारदचं प्रमाणपत्र म्हणजे मैफल नव्हे, हेही मुलीला सांगावं. आकाशवाणी सोळा ते चोवीस वयाच्या कलावंतांसाठी स्पर्धा घेते. शिवाय स्वरचाचणी देऊन बी, बी हाय, ए अशा श्रेणी मिळवता येतात. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी सीसीआरटीची, तर अठरा ते पंचवीस वयोगटासाठी केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे. अर्जाची तारीख आणि अटी त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहाव्यात. तारीख उलटून गेल्यावर हळहळण्यात अर्थ नाही.

मानधनाचं काय?

हा विषय काढायला आपल्याला संकोच वाटतो. "लहान आहे, तिला मंच मिळाला हेच खूप" असं आयोजक म्हणतात आणि आपण मान डोलावतो. मंडप, फुलं, ध्वनिक्षेपक, सगळ्यांना पैसे मिळतात. गाणारीला मात्र नारळ आणि शाल! पहिल्या एक-दोन वेळी हे चालून जाईल. पण प्रवासखर्च आणि साथीदारांचं मानधन आयोजकांनी द्यायलाच हवं. हे आधी आणि शक्यतो लिहून ठरवावं. आकडा लहान असला तरी पाकिटावर मुलीचंच नाव असावं. आपल्या विद्येला मोल आहे, हे तिला पहिल्याच दिवशी कळलेलं बरं. किशोरीताईंनी आईमागे बसून जे पाहिलं, ते आपल्या मुलींना पाहायला लागू नये.

आणि खरा प्रश्न

गाण्याच्या वर्गात बघा, दहा वर्षांच्या मुलींची गर्दी असते. पंधराव्या वर्षी दहावी येते, निम्म्या जातात. अठराव्या वर्षी कॉलेज. उरल्यासुरल्या पंचविशीत लग्न होऊन जातात, आणि तंबोरा माहेरच्या माळ्यावर गवसणीत राहतो. लग्न ठरवताना "मुलगी गाते" हे कौतुकाने सांगितलं जातं, पाहुण्यांसमोर एक भावगीतही म्हणवून घेतात. पण "लग्नानंतर सकाळी एक तास रियाज करील, चालेल ना?" हे किती आया विचारतात? विचारा. पत्रिका जुळवतो, मग हेही जुळवून घ्यावं. आणि सून गाणारी आली असेल, तर सासूबाईंनी सकाळचा पहिला चहा आपण करावा. एका चहाने सासूपण कमी होत नाही!

मुलगी गाणं का सोडते, याचं एक कारण घरात असतं आणि एक सभागृहात. घरातलं कारण काढायला वेळ लागेल. सभागृहातलं मात्र आपण याच महिन्यात काढू शकतो. रिकाम्या खुर्च्यांपुढे दोन-तीनदा गायलेली मुलगी चौथ्यांदा नाही म्हणते. चाळीस माणसं मन लावून ऐकत असली, तर तीच मुलगी वर्षभर पहाटे उठते.

तेव्हा पुढच्या वेळी कार्यक्रमपत्रिका आली की सगळ्यात वरचं बारीक अक्षरातलं नाव आधी वाचा. सकाळीच पोळ्या करून ठेवा, रात्रीला खिचडी चालते. शेजारणीला हाक मारा आणि पाचच्या आत जाऊन बसा. मागे नाही, पुढे. गाणं संपल्यावर विंगेत जाऊन त्या मुलीला तिचं नाव घेऊन "छान गायलीस हो" एवढं म्हणा. तिची आई तिथेच उभी असेल. तिच्याशीही दोन शब्द बोला.